देवळातून पोथीकडे : संस्कृत वैष्णव ग्रंथ वाचायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

आमच्या कपाटात भागवताचे दोन जाड खंड अकरा वर्षं पडून होते. आणले मीच होते, एका श्रावणात, मोठ्या हौसेने. पहिला स्कंध रोज तिन्हीसांजेला दिवा लावून वाचला. दुसऱ्यात ओढाताण सुरू झाली. तिसऱ्यात कपिलमुनी आईला सांख्य समजावायला बसले आणि तिथे मी जी थांबले ती थांबलेच. मग चवथ आली, दिवाळी आली, आणि पुढच्या पावसात पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी.

पुन्हा हात लावला तो उलट्या बाजूने. पहिल्या पानापासून वाचायचा नाद सोडला आणि आपण ज्या देवळात जातो त्या देवाची गोष्ट पोथीत कुठे आहे ती शोधून तेवढीच वाचली. गोव्यातल्या फोंड्यात राहणाऱ्याला हे सोपं जातं, कारण इथे दर दोन मैलांवर देऊळ आहे. हा लेख त्या वाटेबद्दल आहे. घरी कोकणी, वाचन मराठीतून, शाळेतलं संस्कृत गुणांपुरतं आणि आता ‘रामः रामौ रामाः’च्या पुढे काही आठवत नाही, अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. तेवढी शिदोरी पुरते. देवनागरी फाडफाड वाचता येते, ही आपल्याकडची मोठी जमेची बाजू.

आधी कुठे काय आहे ते

महाभारतातून आलेला एक गट आहे. भीष्मपर्वातली गीता (१८ अध्याय, ७०० श्लोक), अनुशासनपर्वातलं विष्णुसहस्रनाम, शांतिपर्वातलं नारायणीय आख्यान आणि महाभारताला शेपटासारखा जोडलेला हरिवंश. दुसरा गट पुराणांचा. त्यात आपल्या कामाची मुख्यतः दोन : विष्णुपुराण (६ अंश) आणि भागवत (१२ स्कंध, ३३५ अध्याय, श्लोक १८,००० अशी परंपरेची मोजणी). तिसरे आगम, म्हणजे पांचरात्र आणि वैखानस. मूर्ती कशी घडवावी, प्रतिष्ठा कशी करावी, पूजा कशी लावावी याचे हे ग्रंथ. ते पुजाऱ्यांच्या आणि स्थपतींच्या कामाचे. नवख्याने तिकडे वळू नये. चौथा गट आचार्यांची भाष्यं आणि स्तोत्रं.

ऋग्वेदातली सूक्तं, म्हणजे पुरुषसूक्त (१०.९०) आणि विष्णुसूक्त (१.१५४), मी मुद्दाम बाजूला ठेवते. त्यांना स्वर असतात, उदात्त-अनुदात्त. ती समोर बसून, तोंडाकडे बघत शिकायची गोष्ट आहे. मोबाइलवर ऐकून शिकलेलं पुरुषसूक्त कानाला गोड लागतं, पण पुढे कुणाकडे संथा घ्यायला गेलात तर आधी ते विसरायला लावतात.

पायरी पहिली : देऊळ निवडा

म्हार्दोळला म्हाळसा आहे. नारायणी, म्हणजे विष्णूचं मोहिनीरूप. तिची गोष्ट भागवताच्या आठव्या स्कंधात आठव्या अध्यायाच्या शेवटी सुरू होते आणि नवव्यात अमृत वाटून संपते. वेलिंगला लक्ष्मीनृसिंह, मूळचा साखवाळचा. त्याच्यासाठी सातव्या स्कंधाचा आठवा अध्याय. खांबातून जे निघालं त्याचं वर्णन तिथे चार शब्दांत आहे : ‘न मृगं न मानुषम्’. जनावर नव्हे, माणूसही नव्हे. संस्कृत येत नसलेल्या माणसालासुद्धा हे चार शब्द कळतात, म्हणून नवख्याला मी नेहमी इथून सुरुवात करायला सांगते. सावईवेऱ्याचा अनंत शेषशायी. त्याच्यासाठी तिसऱ्या स्कंधाचा आठवा अध्याय, पण तो थोडा अवघड आहे, दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

माशेलला देवकीकृष्ण. आई आणि मूल एका गाभाऱ्यात, असं देऊळ सहसा कुठे भेटत नाही. दहाव्या स्कंधाचा तिसरा अध्याय वाचून मग तिथे जा. तुरुंगात मूल जन्मतं ते चार हातांचं, आयुधं घेतलेलं. वसुदेव हात जोडून स्तुती करतो. देवकीही करते, पण तिच्या पोटात कंसाची भीती, म्हणून शेवटी म्हणते : ‘उपसंहर विश्वात्मन्नदो रूपमलौकिकम्’. बाबा रे विश्वात्म्या, हे जगावेगळं रूप आवर आता. देवाला ‘साधं बाळ हो’ म्हणून सांगणारी ही बाई. या ओळीनंतर मला तो गाभारा वेगळा दिसायला लागला. आषाढी एकादशीनंतर त्याच देवळापुढच्या मैदानात चिखलकालो होतो, बाप्ये आणि पोरं तेल चोपडून चिखलात लोळतात, तेव्हाही ती आठवते.

दिवाळीला गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात. रात्रभर कर्णे वाजतात, पहाटे जाळपोळ, मग कारीट फोडून पोहे. या गडबडीत दहाव्या स्कंधाचा एकोणसाठावा अध्याय कुणी वाचत नाही. वाचा. तिथे त्याला भौम म्हटलंय, भूमीचा मुलगा म्हणून. कृष्णासोबत गरुडावर सत्यभामा बसलेली आहे. त्याच अध्यायात मुर नावाचा राक्षस मरतो, त्यावरून ‘मुरारि’. आणि सोडवलेल्या राजकन्यांचा आकडा भागवत असा सांगतं : ‘षट्सहस्राधिकायुतम्’. अयुत म्हणजे दहा हजार, त्यावर सहा हजार. विष्णुपुराणात त्या सोळा हजारांवर आणखी शंभर आहेत. पुराणांत असे फरक सापडले की दचकू नये, वहीत टिपून ठेवावेत.

पायरी दुसरी : तोंड वळवून घ्या

यासाठी विष्णुसहस्रनाम. शरपंजरी पडलेला भीष्म युधिष्ठिराला सांगतो तो हा भाग. नावांचे श्लोक सुमारे १०७. रोज दोन घेतले तर दोन महिन्यांत हातावेगळे होतात. छंद बहुतेक सगळा अनुष्टुभ : आठ अक्षरांचा एक चरण, असे चार. प्रत्येक चरणात पाचवं अक्षर लघु, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघु. पहिल्याच ओळीवर बोटं मोजून बघा :

विश्वं विष्णुर्वषट्कारो भूतभव्यभवत्प्रभुः।

‘वि-श्वं-वि-ष्णु-र्व-षट्-का-रो.’ पाचवं ‘र्व’ लघु, सहावं ‘षट्’ गुरू, सातवं ‘का’ गुरू. दुसऱ्या चरणात सातवं ‘प्र’ लघु. हा हिशेब एकदा कानात बसला की चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ म्हणताच जिभेला ठेच लागते. शिक्षक समोर नसताना हाच शिक्षक.

उच्चारांत आपली मंडळी ठरावीक ठिकाणी घसरतात. मराठीतला ‘जग’ दातांजवळचा, संस्कृतातला ‘जगत्’ नेहमी ‘जेवण’मधल्या ‘ज’सारखा. ‘च’ही तसाच, ‘चक्र’ म्हणताना तो ‘चमचा’तल्या पहिल्या ‘च’वर घसरू देऊ नका. ‘ज्ञ’ला आपण ‘द्न्य’ म्हणतो. मूळ जोडणी ज् आणि ञ यांची आहे. आणि ‘ह’ची जोडाक्षरं! आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे भटजी माझं ‘ब्रम्ह’ ऐकून एवढंच म्हणाले, “बाय, ‘म’ आदीं न्हय, ‘ह’ आदीं.” ब्रह्म, वह्नि, प्रह्लाद. तिसरं नाव आपण जन्मभर ‘प्रल्हाद’ लिहीत आलो. कोकणी बोलणाऱ्याची एक जास्तीची खोड म्हणजे ‘अ’ गोल होऊन ‘ऑ’कडे झुकतो. स्वतःचं वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकलंत की लगेच कळेल. जरा लाज वाटते, पण उपयोग होतो.

हेच स्तोत्र नामावली म्हणून वेगळं छापलेलं मिळतं, तुळशीची पानं वाहताना म्हणायला. तिथे प्रत्येक नाव चतुर्थी विभक्तीत येतं आणि पुढे ‘नमः’ : विष्णवे नमः, वषट्काराय नमः. पहिल्या नावाला मी एकदा भर पूजेत तोंडघशी पडले. ‘राम-रामाय’च्या चालीवर ‘विश्वाय नमः’ म्हटलं आणि भटजींची भुवई वर गेली. ‘विश्व’ हा ‘सर्व’सारखा चालणारा शब्द, म्हणून ‘सर्वस्मै’ तसं ‘विश्वस्मै’. पुढे काही छापील प्रतींत ‘विश्वाय’ही दिसलं. कुणाचं नाव म्हणून वापरला की शब्द सर्वनाम राहत नाही, असा दुसरा पक्ष आहे. तरी गोव्यात पूजेला बसलात तर ‘विश्वस्मै’ म्हणा आणि सुटा.

आणखी एक गंमत. याच हजार नावांत ‘सर्वः शर्वः शिवः स्थाणुः’ असं चौथ्या श्लोकात शिवाला आणून बसवलंय. मंगेश आपला की म्हाळसा आपली, यावरून ज्यांच्या घरात धुसफूस चालते त्यांना हा चरण दाखवावा.

पायरी तिसरी : एक श्लोक पुरता सोलून बघा

या लेखातलं मुख्य काम हेच. आठवड्याला एक श्लोक असा सोलला तर वर्षाला पन्नास होतात, आणि पन्नास श्लोक अंगात मुरलेल्या माणसाला पुढचे पाचशे आपसूक हाका मारतात. मी दामोदराचा श्लोक घेते. आपल्याकडे जांबावलीचा दामोदर आहे, वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आहे. दर दुसऱ्या घरात एखादा दामू आहे. (जांबावलीला दामोदर या नावाने पुजतात तो महादेव. पण नाव विष्णूचं, सहस्रनामातलं ३६७वं.) नावाचा उगम दहाव्या स्कंधाच्या नवव्या अध्यायात आहे. कृष्णाने दह्याचं मडकं फोडलंय, उखळावर चढून लोणी माकडाला वाटलंय, आणि यशोदा त्याला बांधायला निघाली आहे :

तद्दाम बध्यमानस्य स्वार्भकस्य कृतागसः।
द्व्यङ्गुलोनमभूत्तेन सन्दधेऽन्यच्च गोपिका॥

आधी मोठ्याने चार वेळा वाचा. मग वहीच्या डाव्या पानावर शब्द सुटे करा. याला पदच्छेद म्हणतात : तत् दाम बध्यमानस्य स्व-अर्भकस्य कृत-आगसः द्वि-अङ्गुल-ऊनम् अभूत् तेन सन्दधे अन्यत् च गोपिका. संधी सोडवताना घाबरायचं कारण नाही. ‘द्वि’च्या इकाराचा ‘य’ झालाय, ‘अङ्गुल’ आणि ‘ऊन’ मिळून ‘ओ’ झालाय, आणि ‘सन्दधे’पुढचा ‘अ’ गिळला गेलाय, त्याची खूण म्हणून तो अवग्रह (ऽ).

आता उजव्या पानावर एकेक शब्द.

‘दाम’ म्हणजे दोरी. कोशाकडे धावू नका, गोठ्यात बघा. गाय बांधतो ते दावं, त्याचं हे मूळ. दाम आणि उदर मिळून दामोदर, पोटाला दावं बांधलेला. ‘अर्भक’ मराठीत आहेच. ‘आगस्’ मात्र अनोळखी : अपराध. ‘कृतागस्’ म्हणजे ज्याने अपराध केलाय तो. ‘बध्यमान’ म्हणजे बांधला जात असलेला. काम अजून चालू आहे हे त्या ‘मान’ने कळतं. ‘अङ्गुल’ म्हणजे बोटाची रुंदी. ‘ऊन’ म्हणजे आपलं उणं. ‘अभूत्’ म्हणजे झालं. आणि ‘सन्दधे’, सम् आणि धा. मराठीत सांधा, सांधणं, संधी सगळे याच घरातले.

आता अन्वय लावा, म्हणजे शब्द मराठीच्या क्रमाने मांडा : कृतागसः बध्यमानस्य स्वार्भकस्य तत् दाम द्व्यङ्गुल-ऊनम् अभूत्, गोपिका तेन अन्यत् च सन्दधे. खोडी केलेल्या आपल्या पोराला बांधताना ते दावं दोन बोटं उणं पडलं. तेव्हा गवळणीने त्याला आणखी एक सांधलं.

झालं. शब्द बारा, त्यातला खरोखर परका ‘आगस्’ एकटा. आपण मराठी माणसं कोणत्या भांडवलावर बसलोय ते अशा वेळी कळतं.

पुढचे श्लोक मग थांबू देत नाहीत. दुसरं दावंही दोन बोटं उणं, तिसरंही. घरातली सगळी दावी संपतात. आईला घाम फुटतो, अंबाड्यातली फुलं सुटतात, आणि तिचे कष्ट बघून तो स्वतःच बांधला जातो : ‘दृष्ट्वा परिश्रमं कृष्णः कृपयाऽऽसीत्स्वबन्धने’. ‘परिश्रम’ आणि ‘कृपा’ हे दोन शब्द या एकाच ओळीत आहेत. गौडीय, म्हणजे बंगालातल्या चैतन्यांच्या परंपरेतल्या टीकाकारांनी त्यांवरून मागच्या दोन बोटांचा अर्थ लावला : एक बोट माणसाच्या कष्टाचं, एक देवाच्या कृपेचं. श्लोकात असं कुठे लिहिलेलं नाही. ते टीकेतलं आहे. श्लोक काय म्हणतो आणि टीका काय म्हणते हे वहीत दोन वेगळ्या शाईंनी लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर लागत नाही.

जाता जाता : छापील प्रतींत ‘सन्दधे’च्या जागी ‘संदधे’, ‘अङ्गुल’च्या जागी ‘अंगुल’ दिसेल. मराठी पद्धतीने छापणारे अनुस्वार देतात. शब्द तोच.

मराठीचा चकवा

जे भांडवल म्हटलं त्यात काही खोटी नाणीही आहेत. शब्द तोच, अर्थ फिरलेला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला ‘वीतरागभयक्रोधः’ म्हटलंय. मराठी डोळा ‘राग’ वाचून पुढे जातो आणि मग ‘क्रोध’ पुन्हा कशाला, म्हणून अडखळतो. संस्कृतात राग म्हणजे ओढ, आसक्ती; मूळ अर्थ रंग चढणं. तसंच ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’. इथे चेष्टा म्हणजे टिंगल नव्हे, हालचाल, वागणूक. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. आमच्या वाचनमंडळात एका काकांनी ‘राग’चा अर्थ तीन आठवडे संताप असा धरून गीतेवर पुष्कळ सुंदर बोलून घेतलं, कुणाला टोकायचा धीर झाला नाही. ओळखीचा शब्द दिसला की मी आता अनोळखी शब्दापेक्षा जास्त जपून पाऊल टाकते.

पुस्तकं कुठली, कुठून

पहिल्या वर्षी विकत काही घेऊच नका, गीतेचं एक छोटं पुस्तक सोडून. पणजीला पाटोवर राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचं. त्याला नाव दिलंय कृष्णदास शामाचं, आणि ते नाव आपल्या विषयाला नेमकं लागतं. केळशीच्या या कवीने १५२६ साली, शके १४४८मध्ये, भागवताच्या दशम स्कंधावरून श्रीकृष्णाची कथा मराठी ओव्यांत रचायला घेतली. साष्टीतली देवळं पडायच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे संस्कृत भागवत समोर ठेवून आपल्या भाषेत उतरवण्याचं काम गोव्यात पाचशे वर्षांपूर्वी चालू होतं, आणि फोंड्याहून पणजीच्या बसमध्ये वही उघडून बसणारी मी काही निराळं करत नाही.

विकत घ्यायची वेळ आली की मूळ श्लोक आणि खाली मराठी अर्थ, दोन्ही असलेली प्रत बघा. नुसतं भाषांतर नको आणि नुसती मूळ पोथीही नको. गोरखपूरच्या गीता प्रेसची पुस्तकं स्वस्त असतात आणि जत्रेतल्या दुकानांतही मिळतात. टाइप डोळ्यांना झेपतो का, हे दुकानातच उभं राहून तपासा. चाळिशीनंतर हा मुद्दा भक्तीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. कोशांत ओकांचा ‘गीर्वाणलघुकोश’ संस्कृत-मराठी आहे, नवख्याला तोच सोयीचा. इंग्रजी चालत असेल तर वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा कोश. हे आपटे आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानातले. कोशात ‘सन्दधे’ असं शोधलंत तर सापडणार नाही. ‘संधा’ शोधावं लागतं. उपसर्ग आणि धातू वेगळा करायची सवय त्यातूनच लागते.

अर्थ कुणाचा वाचताय?

गोव्यात हा प्रश्न टाळता येत नाही. काणकोणातल्या पर्तगाळ मठाची परंपरा मध्वाचार्यांची, द्वैती. कवळे मठाची स्मार्त, शंकराचार्यांकडची. एकाच वाड्यावर दोन्हींची घरं असतात, आणि कधीकधी एकादशी शेजारी आज तर आपल्याकडे उद्या. पंचांगात ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ असं वेगळं छापतात ते याचसाठी : अरुणोदयाला दशमीचा स्पर्श असेल तर वैष्णव दुसरा दिवस धरतात. उपासाचं जे, तेच अर्थाचं. सहस्रनामावर शंकराचार्यांच्या नावाचं भाष्य आहे आणि रामानुज परंपरेतल्या पराशर भट्टांचंही. एकाच नावाचे दोघे दोन अर्थ देतात. भागवतावर श्रीधरस्वामींची टीका सगळीकडे चालते, मध्व परंपरेत विजयध्वजतीर्थांची. विजयध्वजांच्या पाठात अध्यायांचे आकडेही कुठे कुठे वेगळे आहेत. मी इथे दिलेले आकडे नेहमीच्या छापील प्रतींचे. घरच्या पोथीत जुळले नाहीत तर पोथी चुकीची समजू नका.

घरची परंपरा असेल ती आधी वाचा, पण ती कुठली आहे हे जाणून वाचा. माध्व घरात नैवेद्याच्या वेळी ‘प्रीणयामो वासुदेवम्’ ऐकलं असेल. ते मध्वाचार्यांच्या द्वादशस्तोत्रातलं आठवं. तोंडपाठ असलेलं पहिल्यांदाच डोळ्यांनी वाचणं, याची मजा वेगळी आहे.

क्रम

माझा क्रम असा पडला, आणि मी तोच सुचवते. गीतेचा बारावा अध्याय, मग पंधरावा. दोन्ही वीस-वीस श्लोकांचे. जोडीला सहस्रनाम. त्यानंतर भागवताकडे थेट न जाता विष्णुपुराणाचा पाचवा अंश. अडतीस अध्यायांत सगळा कृष्ण आहे, भाषा सरळ, बहुतेक अनुष्टुभ. भागवतकाराला साधं लिहिता येत नाही असं नाही, पण मनात आलं की तो अवघड छंदात, अवघड शब्दांत शिरतो. ‘विद्यावतां भागवते परीक्षा’ असं पंडितांनीच म्हणून ठेवलंय. पहिलाच श्लोक, ‘जन्माद्यस्य यतः’, ब्रह्मसूत्राच्या शब्दांनी सुरू होतो आणि शार्दूलविक्रीडितात चालतो. नवख्याने भागवत पहिल्या पानावर उघडू नये, असं मी म्हणते ते यासाठी.

विष्णुपुराणानंतर दशमातले निवडक अध्याय. गोपाळकाला आवडत असेल तर तेरावा घ्या; वनात पोरांबरोबर जेवायला बसलेला कृष्ण, डाव्या हातात मऊ घास, बोटांच्या फटींत तोंडी लावायची फळं, बासरी कमरेला खोचलेली. अकरावा स्कंध शेवटी, आणि तो एकट्याने नको. एकनाथांनी त्याच्या एकतीस अध्यायांवर ओव्या लिहिल्या, १५७३ साली काशीत ग्रंथ पुरा केला. मूळ श्लोक वाचायचा आणि मग नाथांना विचारायचं. यापेक्षा चांगली शिकवणी पैसे मोजून मिळणार नाही.

सप्ताहाला जरूर बसा. पण परीक्षितीला सात दिवसच मिळाले होते म्हणून शुकाने सात दिवसांत सांगितलं. आपल्याला तक्षकाची घाई नाही.

वाचायचा अधिकार वगैरे

एका घरी मला ‘बायकांनी सहस्रनाम म्हणू नये’ असं ऐकवलं गेलं. मी वाद घातला नाही. फलश्रुतीतला श्लोक वाचून दाखवला. त्यात ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र, चौघांना काय काय मिळतं ते एकामागून एक सांगितलंय. महाभारत रचण्यामागचं कारणही भागवत पहिल्या स्कंधात हेच देतं : ज्यांना वेद ऐकायची मुभा नव्हती त्यांच्यासाठी, आणि त्यात बायकांचं नाव आहे. त्या नसलेल्या मुभेबद्दल माझं मत निराळं आहे, पण ग्रंथ ज्यांच्यासाठी आहे असं ग्रंथच म्हणतो त्यांना अडवणारे आपण कोण? त्या घरी नंतर चहा मिळाला, थोडा उशिरा.

अडलं तर, आणि पावसात

अडलेले शब्द वहीत साठवा आणि महिन्यातून एकदा कुणा जाणत्याकडे जा. देवळातल्या भटजींना गाठायचं तर दुपारचा नैवेद्य-आरती आटोपल्यावर, बाराच्या आधी कदापि नको. ‘भागवत समजावून सांगा’ म्हटलंत तर ते हसून प्रसाद देतील. ‘या ओळीत तेन कुणाला लागतं?’ असं विचारलंत तर खांबाला टेकून बसतील आणि अर्धा तास हलणार नाहीत. मला ‘तेन’चं उत्तर असंच मिळालं : ‘तेन दाम्ना’, त्या दाव्याला.

आमच्या हवेत पुस्तक टिकवणं हीसुद्धा एक पायरीच. मिरग लागायच्या आधी पोथ्या एकदा उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्याला पसरा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. जुनं धुतलेलं सुती कापड बरं. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक खंड उघडून पानं फरफर उलटा, म्हणजे कसर बसत नाही. आमच्या त्या दोन खंडांपैकी दुसऱ्याला आता बुरशी धरत नाही. दशमापासूनचे स्कंध त्यात आहेत. पहिल्या खंडाचा पुठ्ठा गेल्या पावसातही दोनदा पुसावा लागला.